लिफ्टवालीचे उत्तर

"काका, मटार आणलेत," लिफ्टवाली दारातूनच म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात देऊन सरळ स्वयंपाकघरात गेली.

गुरुवार होता. मला वाटले होते, आता ती यायची नाही. आमची ही जाऊन महिना होत आला होता आणि गुरुवारी संध्याकाळी या घरात कोणी यायचे कारण उरले नव्हते. पण ती आली. टेबलाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि समोरच्या खुर्चीकडे बघत राहिली.

"तुम्ही बसता का तिथं? रिकाम्या खुर्चीशी मला बोलता येत नाही."

"मला यातलं काय कळतं? चर्चमध्ये पाळकसाहेबांकडे जा."

"जाऊन आले. चांगले आहेत ते. पण त्यांच्यासमोर जांभई द्यायची चोरी."

"मग इथं काय जांभया द्यायला येत होतीस?"

"काकूंनी कधी हटकलं नाही. दिवसभर उभी असते मी, बसलं की डोळे मिटतातच. त्या म्हणायच्या, घे जरा डुलकी, देव काही पळून जात नाही."

हे खरे होते. मी शेजारच्या खोलीतून ऐकले होते. मी परात शोधू लागलो, तर तीच म्हणाली, "ओट्याखाली, डाव्या हाताला." माझ्याच घरातली परात कुठे असते ते मला तिने सांगितले. मग मी हिच्या खुर्चीवर बसलो आणि आम्ही मटार सोलू लागलो.

आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा असेल त्याची तयारी माझी बायको करून घेत असे. तिला कोणी नेमले नव्हते. आधीच्या पाळकांच्या वेळी कोणीतरी अडलेले माणूस तिच्याकडे येऊन बसले आणि तेव्हापासून तो पायंडाच पडला. तिची पद्धत साधी होती. समोरच्याच्या हाताला काम द्यायचे. मटार, उसवलेली बटणे, गुंतलेली लोकर, जे असेल ते. हात रिकामे असले की माणूस शोभेचे बोलतो, असे तिचे म्हणणे. एका बसड्रायव्हरने लोकरीचा गुंता काढता काढता सांगून टाकले की सख्ख्या भावाशी त्याचा अबोला आहे. ही म्हणाली, "मग आधी त्याच्याकडे जाऊन ये. पाणी काय, इथंच आहे." ड्रायव्हर रागावून गेला आणि पुढच्या वर्षी भावाला घेऊनच आला.

पाठांतर ती करून घेत नसे. "पाण्यात जाऊन यायला कितीसा वेळ लागतो? बाहेर आल्यावर पुढं अख्खा जन्म पडलाय, त्याचं बोल," असे ती म्हणायची. मग एकेका गुरुवारी एकेक गोष्ट निघायची. लोक हसतील, सोसेल का? कामावर खोटे सांगून सुट्टी घेता येणार नाही, जमेल का? ज्याने तुझे वाटोळे केले त्याच्यासाठी रोज प्रार्थना करावी लागेल, तोंडातून शब्द निघेल का? आणि शेवटची बैठक आमच्याकडे नसायची, ती त्या माणसाच्या घरी. ज्यांच्याबरोबर राहायचे त्यांच्यासमोर. तिथे ही घरच्यांना म्हणायची, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर आज विचारून घ्या."

मी प्लंबर. माझे काम फक्त हौदाचे. चर्चमध्ये पाळक उभे राहतात त्या लाकडी फळ्यांखाली हौद आहे. आदल्या दिवशी फळ्या उचलायच्या, हौद धुऊन भरायचा आणि सगळे आटोपले की पाणी सोडायचे. बाकीचे खाते हिचे.

लिफ्टवाली तिला हॉस्पिटलात भेटली. तपासण्यांसाठी आमचे तिथे वरचेवर जाणे होते. एकदा ही लिफ्टमध्ये तिला म्हणाली, "दिवसभर माणसांना वर पोचवतेस, बरं आहे तुझं."

"वर पोचवायचं काम डॉक्टरांचं, बाई. मी तर खाली आणून सोडते."

ही इतकी हसली की तिला भिंतीला धरावे लागले. तिथून त्यांचे जुळले. आधी लिफ्टमध्ये, मग बाकावर, मग आमच्या स्वयंपाकघरात.

शेवटी हिला खाली आणले तेही त्याच लिफ्टने. लिफ्टवालीने मधे कुठेही लिफ्ट थांबवली नाही. प्रत्येक मजल्यावर लोक बाहेरून दारावर थापा मारत होते. तळमजल्यावर तिने दार उघडले आणि पाठ लावून धरून ठेवले. स्ट्रेचर पूर्ण बाहेर पडले, मग मी. "सावकाश, काका. पायरी आहे," एवढेच ती म्हणाली.

आता ती माझ्यासमोर मटार सोलत होती आणि परातीत बघूनच बोलत होती.

"गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळे प्रश्न विचारून घेतले माझ्याकडून. सराव म्हणून. सगळ्याला उत्तर दिलं. एकाला जीभ अडली."

"कुठल्या?"

"तुझं जुनं जीवन तू टाकून देतेस का? त्याला."

"त्यात काय अडायचं? होय म्हणायचं."

"होय नाही नुसतं. होय, टाकून देते, असं म्हणायचं असतं."

"मग तसं म्हण."

मटार संपले होते, तरी ती सालांमध्ये बोटे फिरवत राहिली. "काकूंची शेवटची बैठक तेवढी राहिली, काका. माझ्या घरची. तुम्ही येता का?"

मी म्हणालो, बघू. तिने सोललेले मटार निम्मे मला ठेवले, निम्मे घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी हौदाचा व्हॉल्व्ह बघायला चर्चमध्ये गेलो. पाळकसाहेब तिथेच होते. वयाने ते माझ्या मुलासारखे, मला काका म्हणतात.

"काका, मला वाटतं तिचा परवाचा बाप्तिस्मा पुढच्या वर्षी ठेवावा," ते म्हणाले. "टाकून देते म्हणताना ती थांबते. म्हणजे काहीतरी धरून ठेवलंय. अशा माणसाला घाईनं पाण्यात उतरवणं बरं नाही. काकूच असं सांगायच्या."

ते खरे होते. हिने तेच सांगितले असते. पण मला हेही दिसत होते की एकदा मागे ठेवले तर लिफ्टवाली परत यायची नाही. मान खाली घालून कुठेतरी मागच्या बाकावर बसेल, मग तेही बंद होईल. हिच्या हातचे एवढे एकच काम अर्धे राहिले होते. बाकी सगळे ती हातावेगळे करून गेली होती, माझे स्वेटरसुद्धा.

"मी उद्या सकाळी तिच्या घरी जाऊन येतो," मी म्हणालो. "मग ठरवा."

"तुम्ही?" पाळकसाहेबांना हसू आले, पण ते त्यांनी आवरले. "जा. जरूर जा."

लिफ्टवालीची खोली हॉस्पिटलच्या मागे, कामगारांच्या इमारतीत. एक खोली, एक ओटा, खिडकीशी पलंग. पलंगावर तिची सासू लसूण सोलत बसली होती. म्हातारीला दिसत फार कमी होते, पण बोटे भराभर चालत होती.

"कोण आलंय?"

"काका आलेत, आई. काकूंचे."

"कुठल्या काकू? गेल्या त्या?"

"हो."

"मग हे कशाला आले?"

"बसू तर द्या त्यांना!"

"बसा की. मी कुठं नको म्हणते?" म्हातारीने सूप माझ्याकडे सरकवले. "पण नुसते बसू नका. घ्या, सोला."

मी पाकळी घेतली. सोलायला गेलो तर निम्मी सालीबरोबरच गेली. म्हातारीने चाचपून पाहिले. "बायकोनं काही शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवत होती, मावशी. मी बाहेरच्या खोलीत असायचो."

"सगळे तिथंच असतात."

लिफ्टवालीने चहा टाकला. मी बायकोचेच वाक्य म्हणून टाकले. "मावशी, उद्या हिचा बाप्तिस्मा आहे. तुम्हाला हिला काही विचारायचं असेल तर आज विचारून घ्या."

म्हातारीची बोटे चालूच राहिली. एक गड्डा संपला, तिने दुसरा फोडला.

"उद्या पाण्यात उतरून ही काय म्हणणार?"

"प्रश्न विचारतात, त्याची उत्तरं देणार."

"ते मला माहितीय. खालच्या मजल्यावरच्या बाईनं सांगितलंय सगळं. ही म्हणणार, जुनं सगळं टाकून देते."

"हो, तसंच आहे काहीसं."

"या खोलीत जुनं काय आहे? पलंग तिनं मागच्या वर्षी घेतला. शेगडी नवी. भांडीसुद्धा बदलली." म्हातारीने बोटांना चिकटलेली साल झटकली. "जुनी मीच आहे."

"आई!" लिफ्टवाली ओट्याशीच वळली.

"ओरडू नकोस. माझ्या पोटच्या पोरानं एकाच दिवशी आपल्या दोघींना टाकलं. तुला बायको म्हणून, मला आई म्हणून. मी भिंतीला धरून उभी होते, तेव्हा तू मला इथं आणलंस. आता तुझा देव म्हणतोय टाक, तर टाक. मला त्याच्याशी भांडायचं नाही. फक्त आधी सांग, म्हणजे मी माझी सोय बघते."

चहा उतू गेला. लिफ्टवालीने शेगडी बंद केली आणि फडके घेऊन ओटा पुसू लागली. स्वच्छ झाला तरी पुसत राहिली. ती बोलली तेव्हा तिची पाठच आमच्याकडे होती.

"हेच, काका. म्हणूनच मला तो शब्द म्हणता येईना. टाकून देते. तोंडाशी आला की तो दिवस समोर येतो. अजून लोक माझी ओळख तशीच देतात. कोण ती? ती हो, नवऱ्यानं टाकलेली. लिफ्टमध्ये माझ्या पाठीमागं उभं राहून बोलतात, जशी मी बहिरीच. ज्या शब्दानं माझं हे झालं, तो मी देवासमोर कसा उच्चारू?"

ही असती तर काय म्हणाली असती? मी आठवून पाहिले. भिंतीआडून मी बरेच ऐकले होते, पण असे काही निघाल्याचे आठवत नव्हते. शेवटी नळ गळतो तेव्हा विचारतो तसे सरळ विचारले.

"मग जुन्या जीवनाचं करायचं काय? ठेवून घ्यायचं?"

"छे!" ती वळली. "ते कशाला ठेवू? काय होतं त्यात? त्याला शिव्याशाप देणं. लिफ्ट वर जाताना एक, खाली येताना एक. दिवसभर तेच. लोकांना वाटायचं मी मजले मोजतेय."

म्हातारी खुदकन हसली. "मीही देत होते. इथं बसून."

"काकू म्हणाल्या, त्याच्यासाठी प्रार्थना कर. करते. दातओठ खात करते, पण करते. हल्ली कधी कधी वर जाईपर्यंत त्याची आठवणसुद्धा येत नाही. मला ते सगळं सोडायचंय, काका. मनापासून सोडायचंय."

"काय म्हणालीस?"

"सोडायचंय."

"आणि टाकायचं नाही?"

ती फडके हातात घेऊन उभी राहिली. "टाकलेलं कुठं पडलं ते कोण बघतं? टाकणारा तर वळूनसुद्धा बघत नाही. मी दिवसभर माणसं सोडते. ज्याला जिथं उतरायचंय तिथं दार धरून ठेवायचं, तो नीट उतरला की दार लावायचं आणि निघायचं. मग त्याच्यासाठी परत थांबायचं नाही."

मग म्हातारीने बारीक आवाजात विचारले, "आणि मी?"

"तुम्ही लिफ्टमध्येच आहात, आई. तुम्हाला कुठं उतरायचंय?"

माझ्यापुढचे सूप म्हातारीने आपल्याकडे ओढून घेतले. "द्या इकडं. तुम्ही नुसता नास करताय लसणाचा."

दुपारी मी फळ्या उचलल्या, हौद धुतला आणि पाणी चालू केले. पाळकसाहेब आले. सकाळची हकिगत मी त्यांना जशीच्या तशी सांगितली आणि म्हणालो, "तिला 'सोडते' म्हणू द्या."

ते हौदाच्या काठावर बसले. "काका, शब्द उगाच ठेवलेला नाही. जे सोडलं ते माणूस परत धरतो. मी स्वतःच काय काय सोडलं आणि परत धरलं, मला माहितीय. म्हणून टाकणं हवं."

मला वाद घालता येत नाही. नळाच्या धारेकडे बघत मी म्हणालो, "टाकलेलंही कोणी ना कोणी उचलून आणतंच, साहेब. ती म्हातारी तशीच आणलीय तिनं."

पाळकसाहेब पाण्याकडे बघत बसले. पाणी दुसऱ्या पायरीवर आले होते.

"प्रश्न मी बदलणार नाही," ते शेवटी म्हणाले. "तो माझा नाही."

"नका बदलू."

"उत्तर तिचं. मी ऐकेन." त्यांनी पाण्यात हात बुडवला. "गार आहे हो, काका."

दर वेळी हे वाक्य ही म्हणायची. अगदी याच काठावरून, आणि मी दर वेळी म्हणायचो, असू दे, एवढं काय. या वेळी मी गरम पाण्याची नळी आणून हौदात सोडली.

रविवारी निघताना कपाट उघडले आणि हिचा मोठा टॉवेल घेतला. पाण्यातून वर येणाऱ्या बायकांना ती तो टॉवेल पांघरायची. चर्चमध्ये दोघीतिघी माझ्याकडे आल्या, "द्या, आम्ही धरतो," म्हणाल्या. मी तो घेऊन पहिल्या बाकापाशी गेलो. तिथे लिफ्टवालीची सासू ताठ बसली होती, खालच्या बाईला घट्ट धरून.

"हे काय?"

"टॉवेल, मावशी. ती वर आली की पांघरायचा."

"मला दिसत नाही."

"पावलं ओली असतात. ऐकू येतील."

तिने टॉवेल मांडीवर घेतला आणि बोटांनी त्याचे काठ शोधले.

लिफ्टवाली हौदात उतरली. पाळकसाहेब आधीच कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. एकेक प्रश्न झाला, एकेक उत्तर झाले. मग तो आला.

"तुझं जुनं जीवन तू टाकून देतेस का?"

ती थांबली. मागच्या बाकांवर कोणीतरी खोकले. पाळकसाहेब वाट बघत राहिले, त्यांनी प्रश्न परत विचारला नाही.

"होय," ती म्हणाली. आवाज सगळीकडे पोचला. "सगळं सोडते. परत घ्यायला जाणार नाही. सासूबाई सोडून."

आधी एक जण हसला, मग सगळेच. पाळकसाहेबसुद्धा. पण म्हातारीने माझी बाही पकडली. "काय म्हणाली? मला सोडून?"

"तसं नाही, मावशी." मला वाकून तिच्या कानाशी बोलावे लागले. "तुम्ही सोडून बाकीचं सगळं. तुम्हाला नाही सोडत ती."

"मग नीट बोलायला काय झालं हिला," म्हातारी म्हणाली आणि डोळे पुसायला तिने टॉवेलचाच कोपरा घेतला.

पाळकसाहेबांनी लिफ्टवालीला पाण्याखाली नेले आणि वर आणले. ती पायऱ्या चढून आली. म्हातारी उठली, दोन्ही हातांनी टॉवेल पसरला आणि आवाजाच्या दिशेने उभी राहिली. दिशा जरा चुकली होती. लिफ्टवाली दोन पावले बाजूला सरकली आणि नेमकी टॉवेलात आली.

सगळे पांगल्यावर मी हौदापाशी गेलो. लिफ्टवाली कपडे बदलून, सासूचा हात धरून आली. केस अजून ओले होते.

"चला, काका. तुम्हाला घरापर्यंत सोडते."

"तुम्ही व्हा पुढं. मला पाणी सोडायचंय."

"टॉवेल धुऊन आणून देते."

"ठेव तुझ्याकडेच. पुढच्या वेळी तुलाच लागेल."

टॉवेलाची घडी तिने छातीशी धरली. सासूला म्हणाली, "सावकाश, आई. पायरी आहे." दोघी गेल्या.

मी व्हॉल्व्हपाशी वाकलो. नेहमी मी तो एकदम पूर्ण उघडायचो आणि पाईप घोरायला लागायचा. पायरीवर बसलेली ही म्हणायची, "अहो, हळू सोडा. काय घाई आहे?" हौद रिकामा होईपर्यंत ती तिथे बसून राहायची आणि मग आम्ही घरी जायचो.

मी व्हॉल्व्ह थोडासाच फिरवला. पाणी आवाज न करता जाऊ लागले. भिंतीवरची ओली रेघ एकेक बोट खाली येत होती. मी पायरीवर जाऊन बसलो, सवयीने थोडा कडेला.